न धुतलेला चोथा

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वर्षभर अबोला धरलेल्या बाबांचा सकाळीच फोन आला. लेकीने लगेच उचलला.

"गुलाबाच्या कुंडीत मुंग्याच मुंग्या झाल्यात," ते एकदम म्हणाले. "काय करू?"

"चहाचा चोथा घातलात?"

"हो."

"धुऊन?"

"नाही बुवा."

"अहो बाबा, साखर असते त्यात! आधी स्वच्छ धुवायचा, वाळवायचा, मग घालायचा."

"असं होय!" बाबा खाकरले. "संध्याकाळी येऊन बघ एकदा. जावईबापूंनाही घेऊन ये."

फोन ठेवल्यावर तिचा हात आपोआप कानाकडे गेला. लहानपणी तिने असाच न धुतलेला चोथा कुंडीत घातला होता, तेव्हा याच बाबांनी तो कान पिळला होता.