बकुळीपासचं वळण

"वाट इथून नाय जाणार," सगुणा म्हणाली आणि नकाशावर बोट दाबून धरलं.

समाजमंदिरातली कुजबूज थांबली. पेणच्या तळ्याकाठी पालिकेची बाग व्हायची होती आणि भोवती चालायची वाट. रहिवाशांनी आपापलं म्हणणं मांडायचं, असं ठरलं होतं. नकाशा आणला होता सुरभीने. ती बागेची आर्किटेक्ट, राहणार रोह्याची, आणि सगुणाच्या धाकट्या दिराची मुलगी.

ज्याला जे हवं तिथे त्याने रंगीत ठिपका चिकटवायचा होता. ठिपके संपले तेव्हा बायकांनी पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली. झोपाळ्यांपाशी हिरव्या टिकल्या, बाकांपाशी मरून. गणपती कारखानदारांनी मूर्ती वाळवायला उन्हाची जागा मागितली. म्हातारे जनूभाऊ म्हणाले, "गणपतीला ऊन द्या, आमाला सावली द्या. आमी अजून वाळायचं बाकी हाव काय?"

सगुणाने टिकली लावली नाही. तिचं बोट बकुळीच्या झाडावर होतं.

"मोठी आई, बकुळ तोडत नाही मी," सुरभी म्हणाली. "वाट तिच्या बाजूने जाईल."

"बाजूनं पण नको. वळवून ने."

"कारण सांगा."

"मी सांगते, हेच कारण."

"तसं नाही चालत. इथे प्रत्येकाने कारण सांगितलंय."

"मग रोह्याला काढ बाग. तिथं ने सरळ."

लोक हसले. जनूभाऊ म्हणाले, "ही पोर काकीवरच गेली गो. जिभेला तीच धार." सगुणाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते टिकल्या मोजायला लागले.

कारण होतं. ते तिने पोटच्या पोराला, नितेशलाही सांगितलं नव्हतं.

ती जागा पूर्वी त्यांचीच, कारखान्यामागची. तिचा नवरा हैबतराव मूर्ती घडवायचा. प्लास्टर ओलं असतानाच मूर्तीच्या पाठीवर अंगठा दाबायचा आणि गिऱ्हाईक तो ठसा बघूनच मूर्ती उचलायचं. त्या जागेत, त्या बकुळीखाली सगुणाची पहिली मुलगी होती. बाळंतपणात सगुणाची शुद्ध हरपली. जागी झाली तेव्हा सासूने पांढऱ्या धोतरात गुंडाळलेलं गाठोडं मांडीवर ठेवलं. "मेलेलीच झाली. तोंड बघू नको, पुढचं मूल टिकत नाय."

सगुणाने पाहिलं नाही. रडलीही नाही. याचा तिला आजही अभिमान होता. हातांना फक्त त्याचा गारवा आणि जडपणा आठवत होता. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत. हैबतरावानेच खड्डा खणला. सगुणाला खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. नंतर त्याने लांबून बोट दाखवलं, तेवढंच.

त्याच महिन्यात रोह्याला सुरभीचं बारसं झालं. धाकट्या जावेची, विमलची, नवसाची पोर. सगुणा गेली नाही.

आता त्या जागेवरून लोक बूट घालून चालणार होते.

"आक्का म्हणतात तशी ने वाट," मागून आवाज आला.

विमलबाई उभी राहिली होती. सगुणाची धाकटी जाऊ. उभ्या आयुष्यात तिने कधी सगुणाची बाजू घेतली नव्हती, आणि आज पोटच्या पोरीविरुद्ध बोलत होती. सगुणाने घाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

सुरभीने आईकडे पाहिलं, मग काकीकडे. पेन्सिल उचलली आणि बकुळीला लांबून वळसा घातला. कपाळावरची टिकली काढून तिथे चिकटवली.

सभा संपल्यावर सगुणाने तिला पायरीवर थांबवलं. वळण मिळालं होतं; आता कारण सांगून टाकायचं, पोरीचं देणं ठेवायचं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, भांडी घासल्यासारखं खरखरीत, थोडक्यात.

सुरभीने नकाशाची गुंडाळी पायरीवर ठेवली. "नाव ठेवलं होतं?"

"तोंड नाय बघितलं, तर नाव कसलं?"

"मग नुसतं वळण पुरायचं नाही. भोवती दगडी कठडा घालूया. कुणाचा पाय नको पडायला तिच्यावर."

सगुणाने तिच्या गालाला हात लावला. पहिल्यांदाच.

भूमिपूजनाच्या दिवशी नारळ फुटला. वाटेची चुन्याची फक्की सगळीकडे सरळ आखलेली, फक्त बकुळीपाशी वळलेली. झाडाभोवती कठड्यासाठी आखलेलं गोल रिंगण. विमलबाई ते बघून थबकली.

"कठडा कशाला गो? राहू दे तसंच."

"मोठ्या आईसाठी," सुरभी म्हणाली.

"किती खोल खणणार?"

"पायापुरतं. मधल्या जागेला हात लावायचा नाही, बजावलंय मी."

मजूर काळुराम खणायला लागला. रिंगणाच्या कडेवर चार घाव झाले आणि टिकाव बोथट वाजला.

"दगड लागला वाटतं," तो म्हणाला.

"थांब." सगुणा खाली बसली. कुणी हात द्यायला आलं, तर तिने झिडकारलं. खड्डा इथे होता; इतकी वर्षं ती हातभर चुकलेल्या जागेकडे बघून हात जोडत होती. तिने बोटांनी माती सारली. धोतराचं सूत मातीतच मिसळलं होतं. आधी एक गाल दिसला. पांढरा, गुबगुबीत. मग मिटलेले ओठ. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी, रंगाची रेघही न ओढलेल्या.

"आजी, ही तर मूर्ती हाय," काळुराम म्हणाला.

सगुणाने ती मांडीवर घेतली. तेवढीच गार. तेवढीच जड. तिने ती उलटी केली. पाठीवर अंगठ्याचा ठसा होता.

तिने मान वर केली. विमलबाई सुरभीच्या पुढे येऊन उभी राहिली होती. सुरभीचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"वाढवलीय मी तिला, आक्का," विमलबाई म्हणाली.