पुढची सीट

"तुमची मुलगी येतेय ना, काका?"

सकाळपासून प्रत्येक फोनवर हाच प्रश्न. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणजे सगळ्यांचाच काका, पोरांचा आणि त्यांच्या आईबापांचाही. शाळा आज उघडत होती. त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि सीट पुसता पुसता म्हणाला, "येतेय म्हणजे काय! पहिली तीच बसणार."

"आणि लस? तिला दिलीत ना? आमचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय."

"दिली तर! हात जरा दुखला, बाकी काही नाही. संध्याकाळी उड्या मारत होती."

फोन ठेवून तो वळला, तर दारात बायको उभी. हातात मुलीचा डबा.

"कधी दिली हो लस?"

तो पुन्हा सीट पुसायला लागला. दोघं मिळूनच तिला केंद्रावर घेऊन गेले होते. रांगेत पुढचा एक मुलगा भोवळ येऊन पडला, आणि दोघं एकमेकांकडे बघून मागे फिरले. पोरीची छाती आधीच नाजूक. जरा हवा बदलली की दम लागायचा. अशा मुलांनी तर आधी घ्यावी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते दोघांनाही पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि रांगेत उभं राहणं वेगळं. मन घट्ट करून पुन्हा गेले, तेव्हा केंद्राला कुलूप. साठा आला की कळवू म्हणाले होते, ते अजून कळवतायत.

"साठा आला की लगेच देऊ," तो म्हणाला.

"मग तोवर राहू दे घरी. इतके दिवस राहिलीच की."

"आणि लोकांनी काय म्हणायचं? स्वतःची पोर घरात ठेवतो आणि आमची गाडीत कोंबतो? कोण पाठवेल मग? गाडी भरली नाही तर शाळा दुसऱ्याची गाडी लावणार आहे. तोंडावर सांगितलंय मला."

बायकोने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. शाळा बंद पडल्यापासून व्हॅनमधून कांदे-बटाटे विकून झाले होते, तेही फार दिवस चाललं नाही. सीट कितीही धुतल्या तरी कांद्याचा वास जात नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही एवढीशी पोर. बायकोने आता भांडावं, दोन शिव्या घालाव्यात, डबा फेकून मारावा, असं त्याला फार वाटलं.

ती म्हणाली, "मग तिला पुढे बसवा. मागे बसली तर कुणाला दिसणार नाही."

आणि आत निघून गेली.

खारूला मात्र आनंद मावेना. खारूताईसारखी सारखी तुरुतुरु पळायची, म्हणून घरात तिचं नाव खारू. "पुढे? खरंच पुढे? तिथे तर तुम्ही मोठ्या मुलांनाच बसवता!" गणवेशाचा स्कर्ट आखूड झाला होता, त्याचीही तिला पर्वा नव्हती. आईने तिच्या तोंडावर मास्क चढवला, नाकावर दाबून बसवला, श्वासाचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. दम लागला तर बाबांना लगेच सांग, असं पुन्हा पुन्हा बजावलं. नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

पहिल्या फाटकाशी मघाशी फोन केलेल्या बाई मुलाचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. ड्रायव्हरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या पुढच्या सीटकडे बघत होत्या.

"ही तुमचीच ना? मास्कमध्ये ओळखूच येत नाही."

"माझीच हो, आणखी कुणाची असणार?" तो हसला. बाई हसल्या नाहीत. मुलाचा हातही सुटला नाही. "खारू, मास्क जरा खाली घे. काकूंना तोंड दाखव बघू."

खारूने मास्क हनुवटीवर ओढला आणि काचेतून हसून दाखवलं. समोरचा एक दात पडलेला होता.

"लस घेतलीस ना गं बाळा?"

खारूने बापाकडे पाहिलं. त्याने आरसा सारखा करायला घेतला.

"हो," ती म्हणाली. "हात जरा दुखला. बाकी काही नाही."

घरात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी तो बोलत होता तेव्हा ती आतल्या खोलीत वेणी घालत होती, एवढंच.

"चला, आम्हीही देऊन टाकतो मग," बाई म्हणाल्या. त्यांनी हात सोडला, आणि मुलगा चढला.

पुढे प्रत्येक दारात तेच. आया आधी पुढच्या सीटकडे बघायच्या, मग दप्तर पोराच्या पाठीवर चढवायच्या. खारू हात हलवायची. काही सांगावं लागत नव्हतं. मागे गलका वाढत गेला. इतक्या दिवसांनी भेटलेली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, कुणाचे मास्क गळ्यात, कुणाचे खिशात. आईचा हात सुटला म्हणून एक छोटी मोठ्याने रडत होती. कुणीतरी शिंकलं. कुणीतरी खोकलं, आणि मग पुन्हा खोकलं. व्हॅन भरली होती. काल रात्री देवाकडे त्याने हेच मागितलं होतं.

खारूने मागे वळून पाहिलं. मग हनुवटीवरच्या मास्कला बोट लावून हळूच विचारलं, "बाबा, आता घालू?"

त्याने समोर बघितलं. वळणापलीकडच्या दारात एक आई मुलीला जवळ धरून उभी होती, आणि मान उंचावून गाडीत कोण बसलंय ते बघत होती.

"थांब गं," तो म्हणाला. "एकच घर राहिलंय."