घरी कुणी नव्हतं

"यातलं मशीन म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं आणि खडू खाली ठेवला.

फळ्यावर चार ओळी होत्या.

तीन जिने चढून आलो, दार हलकं वाजवलं,
धडधडणारं मशीन एक त्याच क्षणी थांबलं.
वाटेत आई भेटली, तिला इतकंच सांगितलं,
घरी कुणी नव्हतं गं, दार बंदच राहिलं.

वर्गातल्या साठेक मुलांना हे गाणं तोंडपाठ होतं. बसमध्ये, दुकानांत, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ते सतत वाजायचं. ते पूर्ण न ऐकलेला एकच माणूस वर्गात होता. तो शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. व्यवसायाने टेलर. गाणं त्याच्या मुलाने लिहिलं होतं.

"मुलांना सांगू नका मी कोण ते," त्याने आत शिरतानाच मॅडमना बजावलं होतं. "नाहीतर बिचारी माझ्या तोंडावर गोडच बोलतील."

गाणी अभ्यासक्रमात घेतली म्हणून मॅडमना विभागात बरीच बोलणी बसली होती. मग गाण्याच्या शब्दांची परवानगी मागायला त्या टेलरच्या घरी गेल्या आणि सही घेऊन निघताना म्हणाल्या, "काका, एकदा वर्गाला येऊन बसा." त्याने नुसती मान हलवली होती. बायकोनेच पिच्छा पुरवला. "जाऊन या. आपल्या पोराचं काय शिकवतात ते बघा तरी. मी नाही येत, मला तिथे रडू फुटेल."

पोराने कात्री सोडून गिटार धरली, त्याला चार वर्षं झाली होती. "गाणीच म्हणत फिरायचं असेल तर पुन्हा या दारात यायचं नाही," असं टेलर तेव्हा म्हणाला होता. पोरगाही बापासारखाच हट्टी. गेला तो गेलाच. पुढे गाणं गाजलं आणि समोरच्या दुकानात दिवसभर वाजू लागलं, तेव्हा टेलरने खिडकी लावून घेतली. गेल्या हिवाळ्यात कार्यक्रमाहून परतताना पोराची गाडी उलटली आणि तो जागीच गेला. त्यानंतर तर ती खिडकी उघडलीच नाही.

मधे एकदाच, दोन वर्षांपूर्वी, पोरगा घरी येऊन गेला होता. बायको बाजारातून आली ती दारातूनच बोलत आली, "अहो, तो आला होता! कोपऱ्यावर भेटला मला. होतात कुठे तुम्ही?" टेलर म्हणाला, "गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेलो होतो." पोरगा गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही त्याने तेच सांगितलं. "मी घरी असतो ना, तर..." आणि पुढचं वाक्य त्याला कधीच पुरं करता आलं नाही.

"मॅडम, मशीन म्हणजे हृदय," पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "प्रेयसीच्या दारात पोचल्यावर त्याच्या काळजाचा ठोका चुकतो."

"मग त्याला दवाखान्यात न्या की," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

"मशीन म्हणजे हे शहर," दुसरा म्हणाला. "सगळं धावतंय आणि याच्यासाठी क्षणभर थांबतं."

टेलर हसला नाही. चष्मा पुसून त्याने पुन्हा फळ्याकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीच्या पुढे त्याची नजर जातच नव्हती.

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ते शिलाई मशीन असेल. माझी मावशी घरी शिवणकाम करते. मशीन चालू असलं की खालच्या जिन्यापर्यंत ऐकू येतं."

"मग?"

"मग ते आपोआप कसं थांबेल? कुणीतरी थांबवलं. आत माणूस होतं, मॅडम."

"हे काय आता?" पुढचा मुलगा वळून म्हणाला. "तो तर आईला सांगतो, घरी कुणी नव्हतं म्हणून."

"खोटं सांगतो."

"आईशी कशाला खोटं बोलेल?"

मुलीने फळ्यावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. "खरं सांगितलं असतं तर घरात भांडण पेटलं असतं. ज्याने दार उघडलं नाही, त्याला तो सांभाळून घेतोय. प्रेमाचंच गाणं आहे, मॅडम. फक्त ते प्रेयसीचं नाही."

मॅडमनी पुन्हा खडू उचलला. तेवढ्यात मागचा बाक करकरला. टेलर उभा राहिला होता. साठ माना एकदम मागे वळल्या.

"ते मशीन माझं," तो म्हणाला.

"हे कवीचे वडील," मॅडमनी हळूच सांगितलं. "काका, तुम्ही बसा."

तो बसला नाही. बाकाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"मी घरीच होतो. त्याची दार वाजवायची पद्धत मला माहीत होती. मशीनवरचा पाय उचलला आणि श्वास रोखून बसलो. म्हटलं, एकदा 'बाबा' म्हणू दे, लगेच उघडतो. तो बोललाच नाही. मग पावलं खाली गेली." त्याने चष्मा काढला. "त्याची आई आली, म्हणाली, त्याला वाटलं घरी कुणी नाही. मी म्हटलं, सुटलो."

खिडकीजवळची मुलगी अजून उभीच होती. टेलर तिच्याकडे वळला.

"दोन वर्षं मी एवढ्याच आधारावर काढली, पोरी, की त्याला कळलं नव्हतं."