बसायचं काम

"एकशे बावन्न," औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आणि खालचं शहाण्णव. इतक्या प्रेशरवर मला या गोळ्या देता यायच्या नाहीत."

लाँड्रीतली इस्त्रीवाली खुर्चीच्या कडेला टेकली होती. त्याला बसणं म्हणायचं झालं तर दारात उभ्या माणसालाही घरात आलेला म्हणावं लागेल. दंडाला पट्टा, मांडीवर पर्स आणि पर्सवर न उघडलेला डबा.

"पळत आलेय ना ताई, म्हणून. अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातली आठ मिनिटं इथंच गेली."

"मग दवाखान्यात जा. डॉक्टर तुम्हाला चालेल अशी दुसरी गोळी लिहून देतील."

"दवाखान्याला अर्धा दिवस जातो. मागच्या खेपेला रजा मिळेपर्यंत तिसरा पोटात येऊन बसला." तिने आवाज खाली आणला. "चौथ्याला आता जागा नाही, ताई. घरात नाही आणि माझ्यातही नाही. आजपासून नवीन पाकीट सुरू करायचंय."

दुकानाबाहेर पाटी होती : सर्दी-खोकला, अंगदुखी आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, तपासून मिळतील. पाटी लागल्यापासून बाईंनी एक पाहून ठेवलं होतं. माणसं खोकल्याचं काउंटरवर सगळ्यांदेखत सांगतात आणि पाळण्याचं बोलायला पडद्याआड येतात. वास्तविक पसरतो तो खोकला.

"पाच मिनिटं स्वस्थ बसा," बाई म्हणाल्या. "पाठ टेकून, पाय सरळ, बोलायचं नाही. मग परत मोजते."

"स्वस्थ म्हणजे?"

तिने हे अगदी खरं विचारलं होतं. बाईंनी तिचे खांदे धरून तिला खुर्चीच्या पाठीला लावलं, पडदा ओढला आणि त्या काउंटरवर आल्या.

तिथे निवृत्त मास्तर रुमालात खोकत उभे होते. "आत काय बाळंतपण चाललंय? इकडे माझा जीव जायची वेळ आली."

"जाईल सावकाश. आ करा." बाईंनी बॅटरी मारली. "घसा लाल आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, या गोळ्या चघळायला, आणि दोन दिवस बोलणं कमी."

"त्यापेक्षा जीव गेलेला बरा," मास्तर म्हणाले आणि गेले मात्र नाहीत.

बाई पडद्याआड आल्या तर इस्त्रीवाली उभी. कोपऱ्यातली खोकी कडेला कड जुळवून रचत होती, चादरींची चळत लावावी तशी. दंडाच्या पट्ट्याची नळी मागे लोंबत होती.

"वाकडी होती हो. डोळ्यांना टोचत होती."

पुन्हा मोजलं. एकशे छप्पन्न.

"बघा! बसून वाढलं. मला बसणं मानवतच नाही."

एवढ्यात तिचा फोन वाजला. "अहो, ते नाकातले थेंब फ्रिजच्या दारात आहेत. वरून दुसरा कप्पा. दुसरा! तुमच्या नाकासमोर असतील!" फोन ठेवून ती सांगायला लागली, "धाकट्याला सर्दी झालीय. यांची रात्रपाळी, म्हणून दिवसा हे घरी असतात. असतात म्हणजे काय…"

बाईंनी हात पुढे केला. "तो फोन द्या माझ्याकडे."

"आणि परत आला तर?"

"तर मी आहे."

फोन कोटाच्या खिशात टाकून, तिला पुन्हा पाठीला टेकवून बाई काउंटरवर आल्या. मिनिटभरातच तो थरथरला.

"सापडले," पलीकडून आवाज आला, "पण झाकण उघडत नाहीये."

"दाबून फिरवा."

"तुम्ही कोण? ती कुठंय?"

"ती कामात आहे."

"कसलं काम? आत्ता तर तिची जेवणाची सुट्टी असते."

"बसायचं काम आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन परत खिशात टाकला.

काउंटरला रेलून मास्तर मान डोलवत होते. "सगळ्यात अवघड विषय. चाळीस वर्षं वर्गात तेवढाच शिकवला."

बाई आत गेल्या. इस्त्रीवाली झोपली होती. तोंड थोडं उघडं, पाय सरळ आणि डबा कलंडून पोटाशी आलेला. पट्टा दंडालाच होता, नुसतं बटण दाबायचा अवकाश. पण झोपेतला आकडा कागदावर लिहायचा नसतो. बाईंनी घड्याळात पाहिलं. सुट्टीची तेरा मिनिटं उरली होती. दुकानात खुर्ची एकच, म्हणून त्या कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी मलम मागत होतं. मास्तर त्याला घोगऱ्या आवाजात "थांबा, थांबा" म्हणत होते.

सहा मिनिटांनी बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठायला लागली, तिला पुन्हा टेकवलं. बाईंनी घड्याळात आणखी दोन मिनिटं मोजली. मग यंत्र घरघरलं.

"एकशे अठ्ठावीस. खालचं ब्याऐंशी."

"माझंच ना?"

"तुमचंच. आता देते गोळ्या." बाईंनी कपाट उघडलं. "असं करते, सहा महिन्यांच्या एकदम देते. नियमात बसतं. म्हणजे सारखं पळत यायला नको."

इस्त्रीवालीने पदराने तोंड पुसलं, पर्स काखेत मारली आणि पडद्यापाशी जाऊन थांबली.

"ताई, दर वेळी हे असं मोजावंच लागतं?"

"दर वेळी. आणि पाच मिनिटं बसूनच."

बाईंच्या खिशात फोन पुन्हा थरथरायला लागला. तो घ्यायला इस्त्रीवालीने हात पुढे केला.

"मग महिन्याच्याच द्या," ती म्हणाली.