खंडेनवमीचा होकार

सर्पदंशाच्या लशीची पेटी दवाखान्यातच होती, पण उघडत नव्हती. औषधांची सामाईक नोंद ठेवणाऱ्या ब्लॉकचेनमधल्या पाचही कंपन्यांच्या संगणकांनी होकार दिल्याशिवाय तिचं कुलूप निघत नसे. चौघांचा आला होता. खाटेवर साप चावलेल्या गजराबाईंच्या पापण्या जड होऊन मिटत चालल्या होत्या.

डॉक्टर तोरणेबाईंनी पाचव्याला, माल पोचवणाऱ्या लांजेकरांना, फोन लावला. "तुमचा संगणक बंद का?"

"मॅडम, आज खंडेनवमी. पूजा करून झेंडूचा हार घातलाय त्याला. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"अहो, बाई जाईल!"

"सापालाही आजच मुहूर्त सापडला?"

डॉक्टरांनी फोन ठेवला, ऑक्सिजन सिलिंडरच्या पान्याने कुलूप फोडलं आणि लस टोचली.

गजराबाईंनी डोळे उघडायच्या आतच पेटीच्या पडद्यावर डॉक्टरांच्या नावाने चोरीची नोंद झाली. त्या नोंदीला कुणाचाच होकार लागला नाही.