गोलसमोरची माती

माळी गोलसमोर गुडघे टेकून मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत कालवत होता. दोरीपलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. त्याने मान वर केली. टेलरमास्तर होते. मॅचमध्ये पडलेल्या त्यांच्या मुलीला इथून उचलून दवाखान्यात नेलं, त्यानंतर ते मैदानावर पहिल्यांदाच आले होते.

"आत आलं तर चालेल?"

"या ना, मास्तर. चपला कशाला काढल्या? ओल आहे."

"तुम्ही एवढी निगा राखताय, त्यात मी कुठे चपला घालून येऊ." मास्तर दोरीखालून वाकून आले. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. "इथेच ना?"

"इथेच."

ते उकिडवे बसले. कापड पारखावं तशी त्यांनी चिमूटभर माती बोटांत चुरून पाहिली.

"कशी आहे पोर?" माळ्याने विचारलं. न विचारून चालणार नव्हतं.

"कमरेखाली काही कळत नाही. आधी डॉक्टर 'अजून कळत नाही' म्हणायचे. परवापासून 'अजून' म्हणत नाहीत." मास्तरांनी बोटांची माती झटकली. "पोरगी वर मलाच समजावते. दर आठवड्याला तिच्या पँटच्या गुडघ्याला ठिगळ लावायचो ना मी. काल म्हणते कशी, बाबा, तुमचं ठिगळांचं काम वाचलं बघा."

ते थोडं हसले. माळ्याला हसता आलं नाही.

बाजूला लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर पडला होता. "हा हो कशाला?"

"जमीन तपासायला. मॅचच्या सकाळी ठिकठिकाणी खुपसून बघायचा. सहज गेला तर ठीक. नाही गेला तर जमीन घट्ट बसलेली. मग पडणाऱ्याला लागतं."

मास्तरांनी तो उचलला, टोक मातीला टेकवलं आणि दाबलं. मुठीपर्यंत आत गेला.

"त्या दिवशीही असाच जात होता?"

माळ्याचे हात थांबले.

"राग नाही हो माझा कुणावर," मास्तर म्हणाले. "मला माझ्यापुरतं कळायला हवं. बॉल येत होता आणि ती गोलमध्ये नुसती उभी राहत होती. दोनदा झालं तसं. मग मीच कडेवरून ओरडलो. बाहुली आहेस का, घे उडी! सगळ्यांच्या देखत. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि घेतली." त्यांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "जमीन घट्ट असेल, तर कशीही पडली असती तरी लागलंच असतं. पण जमीन चांगली असेल, तर मग माझ्या ओरडण्यानेच ती वेडीवाकडी पडली. एवढंच सांगा. मातीला हात लावून सांगा."

माळ्याचा हात मातीतच होता, मनगटापर्यंत.

पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी त्याने इथे ओल्यावरच रोलर फिरवला होता. दिसायला सपाट, छान दिसलं. दिवसभराच्या उन्हाने त्याची फरशी झाली. मॅचच्या सकाळी त्याने स्क्रूड्रायव्हर चारही कोपऱ्यांत खुपसला, मधोमध खुपसला, पलीकडच्या गोलसमोर खुपसला. इथे आला आणि तसाच पुढे गेला. इथे तो आत जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. खुपसून बघितला असता तर मॅच थांबवावी लागली असती. मग त्याने कागदावर 'खेळण्यास योग्य' असं लिहून सही केली.

"अशीच होती," तो म्हणाला.

"अशीच? मऊ?"

"अशीच."

मास्तरांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने माप सांगावं आणि त्यांनी लक्षात ठेवावं, तशी. स्क्रूड्रायव्हर उपसून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला आणि होता तिथे ठेवला.

"बरं झालं विचारलं. घरी उगाच मैदानाला नावं ठेवत होतो."

ते उठले. दोरीपर्यंत गेले.

"मास्तर," माळी कसाबसा म्हणाला.

मास्तर वळले. माळ्याला वर बघवेना. त्याची नजर खाली खिळली होती, स्क्रूड्रायव्हरने पडलेल्या भोकावर.

"अरे हो की," मास्तर म्हणाले आणि परत आले. खाली वाकून त्यांनी भोवतालची माती भोकात लोटली आणि अंगठ्याने हलकेच दाबून बसवली.

"तसंच राहिलं असतं," ते म्हणाले. "कुणाच्या तरी पोराचा पाय मुरगळायचा."