मार्टेनच्या चावीवर सही

"आधार दाखव. दोन्ही बाजू," निरंजन म्हणाला. डोळे कम्प्युटरवरच होते.

खुर्चीच्या टोकावर बसलेल्या मुलाने मुकाट्याने कार्ड पुढे केलं. रेल्वेत नुकताच लागला होता, रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या एका लॉजमध्ये पडून होता. चौबे कॉलोनीतल्या या घराची वरची खोली त्याला मनापासून आवडली होती.

शर्मिष्ठा चहा घेऊन आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं होतं, खोटी नोट ओळखायची असावी तसं.

"प्रशिक... रामटेके," निरंजनने वाचलं आणि आडनावावर जरा थांबला. हे थांबणं शर्मिष्ठाच्या ओळखीचं होतं. तिला त्याची किळस यायची.

"नॉनव्हेज खातो का?"

"नहीं भैया. घर में भी नहीं बनता."

निरंजनचा चेहरा पडला. नकाराचं एक कारण हातचं गेलं होतं. "पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागते. अन् रायपूरचे दोन ओळखीचे लोक पाहिजे. आपल्यातले."

'आपल्यातले' म्हणजे कोण, हे मुलाने विचारलं नाही. चहा पिऊन "अच्छी बनी है, दीदी," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात कम्प्युटर टिंग वाजला आणि निरंजन खुलला. लिनक्स नावाची कम्प्युटरची जी फुकटची व्यवस्था जगभर चालते, तिच्यातली एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा एक संच, तो कित्येक वर्षं सांभाळत होता. बाकीचे मोठमोठे प्रोग्राम तिच्या जिवावर चालत. शर्मिष्ठा नोकरीला होती त्या दवाखान्यातली यंत्रंसुद्धा. ही बढाई तिने हजारदा ऐकली होती. पगार शून्य. कोणी चूक दाखवली की निरंजन त्याला गाढव ठरवून मोकळा होई. मग मार्टेन नावाचा कोणी परदेशी मेल पाठवू लागला. त्याने 'गुरुजी, गुरुजी' करत निरंजनला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि आताच्या या मेलमध्ये तो लायब्ररीच सांभाळायला मागत होता.

तिथला नियम साधा होता. नव्या माणसाला समोरासमोर भेटायचं, ओळखपत्र पाहायचं, मगच जुन्याने त्याच्या डिजिटल चावीवर सही करायची. एकदा सही झाली, की तो पाठवेल ते सगळी यंत्रं डोळे मिटून गिळतात.

निरंजनने एक बटण दाबलं. "झाली सही. मार्टेन जाणे अन् त्याचं काम जाणे. सुटलो बाप्पा!"

"पण तुम्ही भेटले कुठी त्याले?" शर्मिष्ठाने विचारलं.

"भेटाचं काय त्यात? इतके मेल येऊन राहिले त्याचे. खानदानी माणूस वाटते."

"फोटो तरी पाहिला?"

"तुले काय समजते यातलं?"

एवढ्या विद्वान माणसाशी आपण संसार केला, याची शर्मिष्ठाला लाज वाटली. तिने रिकामा कप उचलला.

प्रशिक उठला होता. हात पुढे करून त्याने आपलं कार्ड मागितलं.

"झेरॉक्स ठेवून जा. कळवतो," निरंजन म्हणाला.

"रहने दो भैया." प्रशिकने कार्ड उचलून खिशात घातलं. "अनजान आदमी को आधार नहीं देते." शर्मिष्ठाला नमस्कार करून तो जिना उतरून गेला.

"पोट्ट्याचा माज पाहिला?" निरंजन म्हणाला.

कम्प्युटर पुन्हा वाजला. मार्टेनने पहिला बदल पाठवलाही होता. जणू तयार करूनच बसला होता.

"काय बदललं त्यानं?" शर्मिष्ठाने विचारलं.

"पाहू नंतर." निरंजनने न वाचताच 'हो' दाबलं आणि खुर्चीत रेलला. "तू आधी खाली जाऊन गेटले कुलूप लावून ये. आजकाल कोणीही घुसते."